सांगलीचा चमचा, साताऱ्याचं आधण

कासच्या पठारावरून सायकलने साताऱ्याला उतरलात, तर समर्थ मंदिराजवळ पोचल्यावर एक गोष्ट जरूर करा. सायकल स्टँडवर लावा आणि चाकाच्या रिमला बोटाचं टोक हळूच लावून पाहा. डिस्क ब्रेकची सायकल असेल, तर त्या चकतीला मात्र चुकूनही हात लावू नका, बोटाला फोड येईल. रिम कोमट लागेल, घाटात ब्रेक सतत दाबून धरले असतील तर चांगलीच गरम लागेल. दसऱ्यानंतरची गार सकाळ असली तरी लागेल.

सायकलला इंजिन नाही, कुठे विस्तव नाही, उतारावर पायसुद्धा पॅडलवर नुसते टेकलेले होते. मग ही ऊब आली कुठून? याचं उत्तर मला कितीही वेळा ठाऊक झालं तरी नवंच वाटतं. ती ऊब कासच्या उंचीतून आली. चढताना घाम गाळून तुम्ही जी उंची मिळवलीत, तीच उतरताना ब्रेकने उष्णता करून तुमच्या बोटाखाली आणून ठेवली.

ब्रेक वेग नाहीसा करतो असं आपण समजतो. पण ऊर्जा नाहीशी करता येत नाही, तिचं फक्त रूप बदलता येतं. १८४० च्या दशकात मँचेस्टरच्या जेम्स जूलने दोरीला टांगलेली वजनं खाली सोडली, त्यांच्या ओढीने पाण्यातलं वल्ह्यांचं चाक फिरवलं, आणि ते घुसळलेलं पाणी किंचित तापतं हे मोजून दाखवलं. पडणारं वजन आणि तापणारं पाणी यांचा पक्का हिशेब त्याने जुळवला. कासच्या वाटेवरच्या यवतेश्वरच्या घाटातून उतरणारा सायकलस्वार जूलचाच प्रयोग करत असतो. खाली येणारं वजन तो स्वतः असतो, आणि पाण्याच्या जागी रिम असते.

आधणाचा हिशेब

हा हिशेब घरच्या घरी करता येतो. कासचं पठार साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटरवर आहे आणि शहरापेक्षा ढोबळमानाने ५०० मीटर उंच आहे. स्वार ७२ किलोचा, सायकल १८ किलोची, असे ९० किलो धरू. ९० ला गुरुत्वाकर्षणाच्या ९.८ ने आणि उंचीच्या ५०० ने गुणलं की ४,४१,००० ज्यूल येतात. आता चुलीकडे वळू. २५ अंशांचं एक लिटर पाणी उकळीला आणायला सुमारे ३,१४,००० ज्यूल लागतात. म्हणजे कास ते सातारा या एका उतारात १.४ लिटर पाण्याला आधण येईल इतकी ऊर्जा दडलेली आहे. चहाचे अकरा-बारा कप झाले!

ही सगळी ऊर्जा ब्रेकच्या वाट्याला येत नाही. बराच भाग वारा खातो, थोडा टायर आणि रस्ता खातात. तरीही शंभर मीटरला सहा मीटर उतरणाऱ्या रस्त्यावर ताशी २५ किलोमीटरचा वेग धरून ठेवायचा, तर ब्रेकना सतत २०० वॅटच्या आसपास उष्णता बाहेर टाकावी लागते. आपल्या घरात पूर्वी १०० वॅटचे पिवळे बल्ब असायचे. तसे दोन बल्ब घाट संपेपर्यंत चाकापाशी जळत राहिलेत असं समजा. त्या बल्बला हात लावून पाहिलेल्यांना ही आच लगेच कळेल.

आता सांगलीत या. इथे कृष्णेचा काठ आहे, सपाट मुलूख आहे. दूधवाला दोन्ही बाजूंना कॅन अडकवून चालला आहे. माणूस, सायकल आणि दूध मिळून १४० किलो, वेग ताशी १५ किलोमीटर. समोर अचानक म्हैस आडवी आली. त्याला थांबायला किती ऊर्जा उष्णतेत बदलावी लागेल? सुमारे १,२०० ज्यूल. तेवढ्यात चहाचा एक चमचा पाणी २५ अंशांवरून ८० च्या थोडं पुढे जाईल, बस. कासहून साताऱ्याला उतरणं म्हणजे सांगलीतल्या अशा साडेतीनशेहून जास्त थांबण्यांची बेरीज आहे, आणि तीही मधे फारशी उसंत न देणारी.

सांगलीला चमचाभर पाणी तापतं, साताऱ्याला आधण येतं. गेल्या दीडशे वर्षांत सायकलचे जे जे ब्रेक निघाले, ते सगळे मला या चमच्यापासून त्या आधणापर्यंतच्या वाटेवर उभे दिसतात. प्रत्येकाला दोन कोडी सोडवायची होती. हाताचा दाब चाकापर्यंत न्यायचा कसा? आणि निघालेली उष्णता ठेवायची कुठे?

चपलेचा ब्रेक

सगळ्यात जुनं उत्तर आपल्यातल्या पुष्कळांनी लहानपणी स्वतःच शोधून काढलेलं असतं. तासाच्या भाड्याने मोठी सायकल आणायची, दांडीखालून पाय घालून हाफ पॅडल मारत शिकायचं, आणि ब्रेक लागत नाही असं लक्षात आलं की पाय उचलून चपलेचा तळ पुढच्या टायरवर, चिमट्याच्या (फोर्कच्या) मागे, दाबायचा. चर्र असा आवाज यायचा, रबराचा वास सुटायचा आणि सायकल थांबायची. चपलेच्या तळाला खोलगट चर पडायचा आणि घरी त्याचा जाब द्यावा लागायचा. पाय आऱ्यांत गेला तर काय होईल, हे तेव्हा कोणाच्या मनातही यायचं नाही. आज मी ते कोणालाही करू देणार नाही.

पण त्या पोरांनी नकळत जे केलं, तोच सायकलच्या सुरुवातीच्या काळातला रीतसर ब्रेक होता. हँडलवरची मूठ दाबली की एक दांडा खाली सरकायचा आणि त्याच्या टोकाचा धातूचा वाटोळा तुकडा टायरच्या पाठीवर घासायचा. त्या तुकड्याच्या आकारावरून इंग्रजीत त्याला चमचा-ब्रेक असंच नाव पडलं. टायर तेव्हा भरीव रबराचे असत, घासले तरी फारसं बिघडत नसे.

या काळाचा आपल्या मुलखाशी जवळचा धागा आहे. किर्लोस्कर उद्योगसमूह आपला आरंभ १८८८ पासून मोजतो आणि तो आरंभ बेळगावच्या सायकलींच्या दुकानाचा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत. मुंबईहून सायकली बेळगावला जात, आणि थोरले बंधू रामूअण्णा त्या विकत, गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवत. पुढे कारखाना आला, १९०३ च्या सुमाराला लोखंडी नांगर आला. बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळचं माळरान दिलं आणि १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे आणि किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात. या दोन जिल्ह्यांच्या उद्योगाच्या इतिहासातला पहिला धागा सायकलीचा आहे, हे आठवलं की मला फार बरं वाटतं.

नेमक्या त्याच १८८८ साली बेलफास्टमध्ये जनावरांचे डॉक्टर असलेल्या जॉन बॉइड डनलॉप यांनी हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. सायकलीला मऊपणा आला, वेग आला, आणि चमच्याच्या ब्रेकचे दिवस भरले. हवेच्या टायरची पाठ सतत घासून झिजवणं परवडणारं नव्हतं. थांबण्यासाठी चाकावर दुसरी जागा शोधणं भाग होतं. मग कारागिरांचं लक्ष टायरवरून रिमकडे गेलं.

रिकीब आणि दांड्या

आपल्या काळ्या, उंच, कॅरिअरवाल्या सायकलीकडे नीट पाहा. ॲटलस १९५१ साली सोनिपतमध्ये सुरू झाली, हीरो १९५६ साली लुधियानात. हर्क्युलस आणि रॅले या तर मूळच्या इंग्रजी. नावं वेगळी, पण ब्रेक सगळ्यांचा एकच घराण्यातला. हँडलखाली समांतर दांडी, तिला जोडलेली खाली जाणारी दांडी, वळणावर तरफ, आणि शेवटी रिमला दोन्ही बाजूंनी वेढणारा इंग्रजी यू अक्षरासारखा तुकडा. घोड्याच्या रिकिबीसारखा तो दिसतो आणि इंग्रजीतही त्याला रिकिबीचाच ब्रेक म्हणतात. मूठ दाबली की ही रिकीब वर ओढली जाते आणि तिच्या दोन टोकांवरचे ब्रेकरबर रिमच्या आतल्या अंगाला, हबकडे तोंड असलेल्या बाजूला, खालून टेकतात.

आतल्या अंगाला का? ही गोष्ट मला सांगलीत एका सायकलवाल्या मामांच्या दुकानात बसून कळली. चाक स्टँडवर गरागरा फिरवलं की रिम डावी-उजवीकडे लचकताना दिसते. याला दुकानात ‘रिम आऊट झाली’ म्हणतात, आणि आरे कमी-जास्त आवळून ती सरळ करणं म्हणजे ‘आऊट काढणं’. बाजूंनी चिमटीत धरणारा ब्रेक असेल, तर आऊट झालेली रिम प्रत्येक फेरीला त्याला घासते. रिकिबीचा ब्रेक बाजूला धरतच नाही, त्यामुळे थोड्याफार लचक्याची तो पर्वा करत नाही. खड्ड्यांच्या रस्त्यावर पोतं लादून चालणाऱ्या सायकलीला याहून शहाणा ब्रेक कोणता असेल! त्यात वायर नाही, म्हणून वायर तुटणं नाही. पान्हा, पक्कड आणि हातोडी असली की गावातला कोणीही कारागीर तो सरळ करतो. दिवाळीच्या आधी ओव्हरऑइलिंग करून घेतलं की सांध्यांत तेल जातं आणि वर्षाची निश्चिंती होते.

मात्र या ब्रेकची एक दुखरी जागा आहे, ती म्हणजे पाऊस. रिम पोलादाची, वर क्रोमचा चकचकीत मुलामा. कोरडी असताना ती ठीक पकडते. ओली झाली की रबर आणि क्रोम यांच्यामध्ये पाण्याचा पातळ पापुद्रा बसतो आणि रबर त्यावरून तरंगत सरकतं. चाक पाच-दहा फेऱ्या फिरून पाणी पुसलं जाईपर्यंत ब्रेक दाबला काय आणि न दाबला काय, फारसा फरक पडत नाही. म्हणून जुनी माणसं पावसात चौक यायच्या बऱ्याच आधी ब्रेक हलकेच लावून ठेवत. ती रिम पुसत होती! हे कोणी त्यांना पुस्तकातून शिकवलं नव्हतं.

सांगलीच्या सपाटीवर हे निभावून जातं. तिथली पावसाळ्यातली खरी अडचण उलटीच असते. मळ्याच्या वाटेवरची काळी माती टायरला चिकटते, मडगार्डमध्ये ठासून भरते आणि सायकल आपण न सांगता थांबते. मग काटकीने चिखल काढायचा किंवा सायकल खांद्यावर घ्यायची. पण हीच सायकल पावसात यवतेश्वरच्या किंवा पसरणीच्या घाटात घेऊन जाणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. तिथे दर सेकंदाला उंची वेग होऊन हातात येत असते आणि तो बदलणारी रिम ओली असते.

नाडी आणि नेफा

दांड्यांना एक मर्यादा होती: त्या वळत नाहीत. हँडल वळलं, चौकट वेगळ्या आकाराची आली, की सांधे वाढवावे लागतात. या कोड्याचं उत्तर १८९६ साली अर्नेस्ट मॉनिंग्टन बाउडन यांच्या पेटंटमध्ये आलं, आणि ते इतकं साधं आहे की त्याचं नवल वाटायचंच आपण विसरलो आहोत. ते उत्तर म्हणजे ब्रेकची वायर.

जरा विचार करा. हँडलपासून चाकापर्यंत वायर सैलसर वळण घेत जाते. सैल दोरी एका टोकाला ओढली तर आधी ती ताठ होते, मग ओढ पुढे पोचते. मग ही वळलेली वायर ताठ न होता ओढ कशी पोचवते? परकराची नाडी आठवा. नाडी ओढली की नेफ्याला चुण्या पडतात. नाडी एकीकडे जाते आणि नेफा तिच्या विरुद्ध बाजूला ढकलला जातो. आता असा नेफा कल्पा, की जो वाकतो पण ज्याला चुण्या पडतच नाहीत. तो पोलादी तारेच्या घट्ट वेटोळ्यांचा केला आहे. वायर ओढली की नेफा चुण्या पडू देत नाही, उलट तेवढ्याच जोराने विरुद्ध बाजूला रेटतो. ब्रेकचा एक हात वायर ओढते आणि दुसरा तिचं वेष्टन ढकलतं, म्हणून ती चिमटी मिटते. वायर एकटी काम करत नाही, नाडी आणि नेफा मिळून करतात. वेष्टन कुठे पिचलं, मोडलं, की नवी वायर घालूनही ब्रेक ढिला का राहतो, हे यावरून कळेल. दुकानात वायर बदलताना वेष्टनही बदलून घ्या, हा सल्ला त्यासाठीच.

या नाडी-नेफ्यामुळे रिमला दोन्ही बाजूंनी पकडणारी चिमटी शक्य झाली. आधी आली ती कॅलिपर, चाकाच्या वर एकाच खिळ्यावर फिरणारी. तिला रिम सरळ लागते, पण ती हलकी आणि चपळ असते. टायर रुंद झाले तसे तिचे हात लांब करावे लागले, आणि लांब हात लवचिक झाले. मग दोन हात चिमट्याच्या दोन पायांवर वेगवेगळे बसवले. १९९६ साली शिमानोने या घराण्यातला उंच हातांचा ब्रेक बाजारात आणला, ज्याला आपण व्ही ब्रेक म्हणतो. लांब हात म्हणजे लांब तरफ: बोटाच्या थोड्या दाबाला रिमवर मोठी पकड. आजच्या गिअरच्या साध्या सायकलींवर बहुतेक हाच दिसतो.

रिमही बदलली. पोलादाच्या जागी ॲल्युमिनियम आलं आणि ओल्या दिवसांतला फरक जाणवण्याइतका कमी झाला, कारण ओल्या ॲल्युमिनियमवर रबर ओल्या क्रोमपेक्षा पुष्कळ चांगलं धरतं. मात्र घाटाचा प्रश्न तिथेही उरतो. सगळी उष्णता रिममध्येच जाते आणि रिमला लागूनच टायर-ट्यूब असते. फार वेळ ब्रेक दाबून ठेवला तर ट्यूबमधली हवा तापते, तिचा दाब वाढतो, आणि जड ओझं असेल तर टायर फुटूही शकतो. म्हणून घाटात ब्रेक सतत घासत ठेवू नये. थोडा जोराने लावावा, वेग कमी करावा, सोडावा, रिमला वारा लागू द्यावा, मग पुन्हा लावावा. वेग जरा वाढू दिला की वारा ऊर्जेचा मोठा वाटा उचलतो, कारण वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा विरोध चौपट होतो. वारा हा घाटातला तिसरा ब्रेक आहे, आणि तो कधी तापत नाही.

हबच्या पोटात

उष्णता टायरपासून दूर ठेवायची, पाऊसही लागू द्यायचा नाही, तर ब्रेक चाकाच्या हबमध्येच का लपवू नये? या विचारातून दोन प्रकार निघाले. एक ड्रम ब्रेक, जो आपल्याला लूना आणि स्कूटरवरून ओळखीचा आहे. बंद डब्यात दोन अर्धगोल नाले बाहेरच्या बाजूला फाकतात आणि डब्याच्या आतल्या भिंतीला घासतात. त्याला ना पावसाची भीती, ना चिखलाची.

दुसरा प्रकार मला अधिक मोहक वाटतो. पॅडल उलटं मारलं की लागणारा ब्रेक. हँडलवर मूठ नाही, वायर नाही, दांडी नाही. एर्न्स्ट झाक्स यांचं १९०३ चं टॉर्पेडो हब या प्रकारात गाजलं. पुढे पॅडल मारलं तर चाक चालतं, पाय स्थिर ठेवले तर चाक मोकळं फिरतं, पाय मागे रेटले तर हबमधला सुळका सरकून नाले उघडतात आणि चाक थांबतं. तीन कामं एकाच हबमध्ये! जर्मनी-नेदरलँड्सच्या सपाट शहरांत तो आजही दिसतो, आणि सांगली-मिरज रस्त्यालाही तो छान शोभला असता.

घाटात मात्र त्याची परीक्षा झाली आणि तिची गोष्ट थरारक आहे. १९७६ साली कॅलिफोर्नियात मरिन काउंटीच्या डोंगरात काही तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन मातीच्या उतारावर शर्यती लावू लागले. अंतर तीनेक किलोमीटर, उतार चारशे मीटरच्या आसपास. आपल्या यवतेश्वरच्या घाटाची आठवण यावी असा, पण त्याहून कितीतरी तिखट. पॅडल-ब्रेक इतका तापायचा की हबमधलं ग्रीस धूर होऊन उडून जायचं. खाली पोचल्यावर हब उघडून त्यात नव्याने ग्रीस भरावं लागायचं, म्हणून त्या वाटेचं नावच ‘रीपॅक’ पडलं. नव्याने भरणं! आजची माउंटन बाइक ज्या धुळीतून उठली, त्यात ही वाट आहे. उष्णता बंद डब्यात ठेवली तर ती बाहेर पडत नाही, हा धडा त्या धुराने शिकवला.

जात्याचा खुंटा

मग उष्णता ठेवूच नये, ताबडतोब वाऱ्याला देऊन टाकावी. डिस्क ब्रेकचं हे तत्त्व आहे. हबला पोलादाची पातळ, भोकं पाडलेली चकती, आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमटणाऱ्या पॅडची जोडी. चकती चिखलापासून वर, पाण्यापासून दूर, चारी बाजूंनी वाऱ्यात.

पण इथे एक अडचण होती, ती आजीच्या जात्याकडे पाहिलं की कळते. जात्याचा खुंटा काठाला असतो. तोच जर मध्याजवळ ठोकला असता, तर दळायला कितीतरी जास्त जोर लागला असता. रिमचा ब्रेक चाकाला काठावर धरतो. सायकलची रिम म्हणजे खरं तर चाकाएवढी मोठी चकतीच आहे. डिस्क ब्रेकची चकती मात्र बहुधा १६० मिलिमीटर व्यासाची, म्हणजे चाकाच्या मध्याजवळची. तेवढाच परिणाम साधायला तिथे रिमच्या चौपटीहून अधिक जोर लागतो.

तो जोर आणायचा कुठून? सतराव्या शतकात ब्लेझ पास्कालने सांगितलं होतं की बंद भांड्यातल्या द्रवावर एका जागी दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो. सांगलीत ऊस किंवा मुरूम भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली जॅकवर उचलली जाताना पाहिली असेल, तर पास्काल तुम्ही पाहिला आहे. हँडलच्या मुठीशी लहान दट्ट्या, चाकाशी मोठा दट्ट्या, मधे तेलाची बारीक नळी. मोठ्या दट्ट्याचं क्षेत्रफळ चौपट असेल, तर जोर चौपट आणि सरक पाव. एका बोटाने मूठ दाबली तरी चाकाशी पोलाद करकचून धरलं जातं. नळी वाकली तरी तेलाला फरक पडत नाही. नाडी-नेफ्याचं घर्षणही गेलं. वायरवर चालणारे स्वस्त डिस्क ब्रेकही मिळतात. चकतीचा फायदा त्यांत आहे, तेलाचा नाही.

आता पुन्हा आधणाचा हिशेब. कासच्या उतारातली निम्मीच ऊर्जा ब्रेकच्या वाट्याला आली असं धरू, आणि दोन चकत्या मिळून पाव किलो पोलाद. ती सगळी उष्णता चकत्यांतच साठून राहिली असती, तर गणिताप्रमाणे त्या १,७०० अंशांच्या पुढे गेल्या असत्या. पोलाद १,५०० च्या आसपास वितळतं! चकत्या वितळत नाहीत, कारण उतरताना क्षणोक्षणी वारा ती उष्णता काढून नेत असतो. चकती हे उष्णतेचं कोठार नव्हे, तो उंबरठा आहे. उष्णता त्यावरून ओलांडून बाहेर जाते. व्यावसायिक रस्त्यावरच्या शर्यतींत जागतिक सायकल संघटनेने या ब्रेकना २०१८ साली कायमची मोकळीक दिली, ती अनेक वर्षांच्या चाचण्यांनंतर.

उजवा आधी की डावा?

‘पुढचा ब्रेक दाबू नको, तोंडावर पडशील.’ हे ऐकल्याशिवाय आपल्याकडे कोणी सायकल शिकलेलं नाही. आपल्याकडे उजवी मूठ पुढच्या चाकाची असते, डावी मागच्या. या इशाऱ्यात तथ्य आहे, पण अर्धंच.

सायकल थांबू लागली की स्वाराचं वजन पुढे झुकतं. एसटी अचानक थांबली की उभी माणसं पुढे जातात, तसंच. पुढचं चाक जमिनीला घट्ट दाबलं जातं, मागचं हलकं होतं. हलक्या चाकाला ब्रेक लावला तर ते रस्ता धरण्याऐवजी घसरतं. ताशी २५ किलोमीटरच्या वेगाने कोरड्या डांबरावर फक्त मागचा ब्रेक लावला, तर थांबायला दहाएक मीटर लागतात. पुढचा नीट वापरला, तर पाचएक मीटर पुरतात. म्हणजे थांबवण्याची खरी ताकद त्या उजव्या मुठीत आहे. ती एकदम आवळली तर मागचं चाक उचलतं, म्हणून ती हळूहळू वाढवत दाबायची, कंबर मागे सरकवायची, हात ताठ ठेवायचे. वाळू, ओला चिखल, ओली पानं असतील, तर मात्र पुढचं चाक घसरू द्यायचं नाही. तिथे मागच्यावर भर. मुलांना सायकल शिकवताना ‘पुढचा दाबू नको’ ऐवजी ‘पुढचा हळू दाब’ असं सांगितलं, तर घाटात कधी तरी त्यांचा जीव वाचेल.

जशी माती, तसा ब्रेक

मला विचाराल, तर यातला कोणताही ब्रेक जुनाट नाही आणि कोणताही सर्वांत चांगला नाही. सांगलीच्या सपाटीवर पोतं वाहणाऱ्या सायकलीला रिकिबीचा दांड्यांचा ब्रेक आजही शोभतो. तिला चमचाभर पाणी तापवायचं आहे आणि आऊट झालेली रिम सांभाळायची आहे. कॉलेजला जाणाऱ्या मुलीच्या सायकलीला व्ही ब्रेक आणि ॲल्युमिनियमची रिम पुरे. पावसाळ्यात कासला जाणाऱ्याने, ओझं घेऊन महाबळेश्वर-पाचगणीचा घाट उतरणाऱ्याने तेलाचा डिस्क ब्रेक घ्यावा, आणि पॅड झिजलेत का ते निघण्याआधी पाहावं. ब्रेक कसा हवा, हे शेवटी रस्त्याचा चढ-उतार सांगतो.

साताऱ्यात उतरल्यावर मी बहुतेक वेळा चहाला थांबतो. साताऱ्याच्या काही भागांत नळाला येणारं पाणी त्याच कास तलावाचं असतं. ते आणि मी, दोघंही तोच उतार उतरून आलेलो असतो. जूलच्या हिशेबाने त्या पाण्यातही उताराने जेमतेम एका अंशाची ऊब भरलेली असणार, कोणाला न जाणवणारी. मग टपरीवाला ते चुलीवर ठेवतो, आधण येतं, आणि बाहेर भिंतीला टेकवलेल्या सायकलची रिम हळूहळू गार होत जाते. पाचशे मीटरचा डोंगर रिममधून निघून साताऱ्याच्या हवेत मिसळलेला असतो.